सॅम्पलआधीचे पंधरा दिवस

माझ्या मावशीने आयुष्यात औषध एकदाच चुकीच्या वेळी थांबवलं, आणि तेही नियमाला धरून. नियम तिला तोंडपाठ होते, सगळा घोळ तिथेच झाला.

मावशीचं नाव नवसाबाई. आजीला सहा वर्षं मूल झालं नव्हतं, मग नवस बोलून ही झाली. माझी आई तिच्या पाठची. तिच्यासाठी कुणी नवसबिवस केला नव्हता, आणि हे मावशी दर दिवाळीला आईला एकदा तरी ऐकवते. सायखेड्याला दिलेली. घरची चार एकर द्राक्षबाग, बांधापलीकडे दुसऱ्यांचा मका. काका जाऊन नऊ वर्षं झाली. आता बाग मुलगा अमोल बघतो, असं अमोल म्हणतो. खरं तर बाग बघते ती मावशीची डायरी.

या डायरीला इतिहास आहे. द्राक्षं परदेशी पाठवायची तर कापणीआधी माणसं येऊन बागेतले घड सॅम्पल म्हणून तपासणीला नेतात. फवारलेल्या औषधाचा अंश मण्यांत उरलाय का ते पाहतात. उरला असला तर प्लॉट नापास. म्हणून प्रत्येक औषध कापणीच्या किती दिवस आधी बंद करायचं ते ठरलेलं असतं. त्या मोकळ्या दिवसांना आमच्याकडे सगळे गॅप म्हणतात. काका असताना एका वर्षी ऐन शेवटी वेलींवर भुरी, ती पांढरी बुरशी, दिसली आणि काकांनी घाबरून, कुणाला न सांगता, औषधाची एक टाकी मारली. सॅम्पल नापास झालं. वर्षभर जपलेला माल लोकल बाजारात गेला. काकांनी दोन दिवस जेवण सोडलं आणि मावशीने त्यांच्या कमरेची औषधाच्या खोलीची किल्ली काढून स्वतःच्या कमरेला लावली. मग निफाडहून एक जाड डायरी आणली. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की तलाठ्याने लाजावं. तेव्हापासून त्या बागेचं एकही सॅम्पल नापास झालेलं नाही.

हळूहळू शिवारातले लोकही तिलाच विचारू लागले. तिच्या ओट्यावर बसून मी हे संवाद कितीदा ऐकलेत.

"नवसाबाई, हे मारलं तं चालंल का?"

"कापणी कधी?"

"धरा पंधरा-वीस दिवस."

"मंग नाय चालत. ठेव कॅन खाली."

माणूस कितीही मोठा बागायतदार असो, कॅन खाली ठेवायचा.

मी प्रतिभा, तिची भाची. गंगापूर रोडला राहते आणि एका फार्मसी कॉलेजात औषधं शरीरात काय करतात ते शिकवते. अकरा वर्षं झाली. मावशीला माझं कौतुक आहे, पण माझ्या ज्ञानावर तिचा फारसा भरवसा नाही. एकदा मी तिला काहीतरी समजवायला गेले तर म्हणाली, "तू कधी टाकीत औषध कालवलं का?" मी नाही म्हटलं. "मंग बस गुमान." मी बसले.

मागच्या वर्षी मावशीच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ती तिच्या हाताला आधीच लागली होती, पण हंगाम चालू होता, तेव्हा कापणी उरकल्यावर दाखवू असं तिने परस्पर ठरवलं होतं. नाशिकला ऑपरेशन झालं, छाती काढली, मग केमो झाली. केस गेले, तर म्हणाली, "छाटणी झाली." रडली ती फक्त एकदा, आणि तेही मला वाटलं ती झोपली आहे म्हणून मी खोलीबाहेर होते तेव्हा.

गाठीच्या रिपोर्टात 'हर-टू पॉझिटिव्ह' आलं. हे काय, असं तिने मला विचारलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या विद्येला घरात गिऱ्हाईक मिळालं. मी सावरून बसले. सांगितलं की पेशीच्या अंगावर प्रोटीनचे रिसेप्टर असतात. बाहेरून आलेला निरोप ते घेतात आणि आत पोचवतात. दार म्हण हवं तर. हर-टू हा त्यातलाच एक. तुझ्या गाठीतल्या पेशींवर तो नको तितका झालाय आणि आत सारखा 'वाढा, वाढा' असा धोशा लावतोय. आता जे इंजेक्शन सुरू होणार ते नेमकं जाऊन याच दाराला चिकटतं आणि निरोप बंद करतं.

"म्हंजी तणनाशक," मावशी म्हणाली.

"तसंच समज."

"कोनतं? सगळं जाळनारं का निवडक?"

"निवडक."

हे तिला पसंत पडलं. केमो ही सगळं जाळणारी, हे ती टक्कल पाहून ओळखून होती. निवडक म्हटल्यावर तिने डायरी उघडली आणि उजव्या पानावर एक ते अठरा आकडे मांडले. दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर. डावं पान बागेचं, उजवं तिचं.

सात इंजेक्शनं नीट झाली. अधूनमधून हृदयाची सोनोग्राफी करायची असते, टूडी इको म्हणतात ती. हृदयाचा मोठा कप्पा दर ठोक्याला आतलं रक्त शेकडा किती बाहेर ढकलतो ते त्यात बघतात. मावशीचा आकडा सुरुवातीला साठ होता. नऊ जानेवारीला सत्तेचाळीस आला. हृदयाच्या डॉक्टरांनी आठवं इंजेक्शन थांबवलं.

"इंजेक्शन छातीच्या गाठीचं, मंग काळजाला काय झालं?" मावशीने विचारलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि ते इतकं सोपं करून सांगितलं की अमोलला घाम फुटला. बाहेर आल्यावर बाकड्यावर मी पुन्हा सांगायला घेतलं.

हृदयाच्या स्नायूंच्या पेशींवरही तोच हर-टू असतो. तिथे मात्र तो भल्याच्या बाजूने उभा असतो. हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर एक प्रोटीन सोडतं. तो पेशीला निरोप असतो की टिकून राहा, मोडलंय ते दुरुस्त कर, मरू नको. हर-टूला स्वतःला कुठलाच निरोप हातात घेता येत नाही. निरोप घेते त्याची बहीण, दुसरा रिसेप्टर. हा नुसता तिला बिलगून उभा राहतो. पण तो नसेल तर निरोप आत जोराने जातच नाही. आणि हृदयाच्या पेशींचं असं आहे, की मेल्या तर त्यांच्या जागी नवीन लावण जवळजवळ होत नाही. आहेत त्यांनीच आयुष्य काढायचं. त्यामुळे त्यांना हा निरोप लागतो. इंजेक्शनला दार कळतं. घर कुणाचं ते कळत नाही. सगळ्यांना असा त्रास होत नाही, थोड्यांना होतो. त्या थोड्यांत तू आलीस.

मावशी बराच वेळ समोरच्या भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचत राहिली. मग म्हणाली, "पलीकडच्यानं मक्यात तणनाशक मारलं होतं, आठवतं का अमोल? वारा आपल्याकडं. आपल्या येलींचे शेंडे कसे आखडले होते."

"मेली का मग बाग?" मी विचारलं.

"नाय. पानं वाकडी झाली, वाढ थांबली. फुडच्या छाटणीला सुधारली."

मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली. कारण डॉक्टर नेमकं हेच म्हणाले होते. या इंजेक्शनाने पेशी बहुतेक मरत नाहीत, आखडतात. थोडी उसंत दिली, हृदयाला आधाराच्या गोळ्या दिल्या, की पुष्कळदा सावरतात. दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या, सकाळी एक, रात्री एक. चार आठवड्यांनी परत इको. आकडा पन्नासच्या वर आला तर राहिलेली अकरा इंजेक्शनं पुढे चालू. नाही आला तर बंद करावी लागतील. बंद केली तर काय, असं अमोलने विचारलं होतं. "गाठ परत येण्याची शक्यता वाढते," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले होते.

मावशीने डॉक्टरांना शेवटी एकच प्रश्न विचारला होता. "तारीख कोनती?"

"सहा फेब्रुवारी."

तिने ती डायरीत लिहिली, खाली लाल रेघ मारली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. मला इतका अभिमान वाटला, की पुढच्या आठवड्यात मी वर्गात तिचं उदाहरण दिलं. पेशंट कसा असावा तर असा, म्हटलं, तारीख विचारून लिहून घेणारा. हे आता लिहितानाही माझे कान गरम होतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बागेचंही सॅम्पल गेलं होतं. त्याचा निकाल पाच तारखेला संध्याकाळी आला. पास. अमोलने पेढे घेतले आणि सहा तारखेला सकाळी तोच पुडा गाडीत ठेवून मावशीला घेऊन आला. मी वाटेत गंगापूर नाक्यावर बसले. हॉस्पिटलच्या चढणीवर मावशीला जरा धाप लागली, पण तोंडावर तेज होतं. तपासणीला तयारीनिशी चाललेल्या माणसाचं तेज.

इकोत आकडा आला त्रेचाळीस.

"गोळ्या घेतल्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतल्या ना," मावशी म्हणाली. ते खरंच होतं.

"काही त्रास?"

"नाय. मधी चार दिवस धडधडलं, पन ते बागेच्या काळजीनं."

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला. गोळ्या देऊन, इंजेक्शन थांबवूनही आकडा खाली जातोय म्हणजे हृदय दाद देत नाही, असं त्यांचं मत पडलं. कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलतो म्हणाले, पण इंजेक्शनं आता बंदच करावीत असं त्यांना वाटत होतं. बाग पास झाली होती आणि मावशी नापास. परत येताना पेढ्यांचा पुडा मागच्या काचेजवळ तसाच होता, कुणी हात लावला नाही. अमोल एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्याने सारखे डोळे पुसत होता, म्हणून मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.

रविवारी मी सायखेड्याला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. धीर देण्याची जी पाच-सहा वाक्यं आपल्याकडे सगळ्यांजवळ असतात, तीच. मावशी चहा टाकायला आत गेली. ओट्यावर डायरी उघडी होती. मी सहज उजवं पान बघितलं. नऊ जानेवारीपासून रोज दोन बारीक खुणा, सकाळ-रात्र. एकही चुकलेली नाही. त्या बावीस जानेवारीपाशी संपल्या होत्या. तिथे तिच्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं: 'गोळ्या बंद. सॅम्पल ६ ला. गॅप १५ दिवस.' खाली लाल रेघ. शेजारच्या डाव्या पानावर बागेपुढेही तशीच रेघ होती.

मावशी कपबशा घेऊन बाहेर आली.

"मावशी, हे काय आहे?"

"काय म्हंजी? गॅप."

"कशाचा गॅप?"

"तपासनीला जाताना अंगात औषध ठिवून जायचं का? निघालं असतं ना रिपोर्टात!"

मी ओरडले. खरं सांगते, आजारी, साठीच्या, आईच्या जागी असलेल्या बाईवर मी ओट्यावर उभी राहून ओरडले. म्हटलं, ती रक्ताची तपासणी नव्हती! तिथे औषधाचा अंश शोधत नाहीत! तुझं हृदय किती जोराने काम करतं तेवढंच बघतात! आणि या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, म्हणून तर तुला धडधडलं! शेजारची अंबूबाई वाळवणावरून उठून बघायला लागली.

मावशीने कपबशी खाली ठेवली. ती चिडली नाही, समजावणीच्या सुरात म्हणाली, "तेच तं म्हन्ते मी. गोळीवर पळनारं काळीज दाखवून काय उपेग? ते म्हन्तील पास, अन् इंजेक्शन देतील. ते बसनार माह्या खऱ्या काळजावर. फसवायचं कोनाला? डॉक्टरला का मला?"

तिने आळस केला नव्हता, गोळ्यांना कंटाळली नव्हती, अंगारे-धुपारे करायला गेली नव्हती. पुस्तकात गोळ्या सोडणाऱ्या पेशंटची जेवढी कारणं दिलेली आहेत, त्यातलं एकही तिला लागू नव्हतं. तिने फक्त प्रामाणिक सॅम्पल दिलं होतं. आणि मी? 'औषध अचानक बंद केल्यास काय होते?' हा पाच मार्कांचा प्रश्न मी अकरा वर्षं काढतेय, पण मावशीला मी एकदाही विचारलं नव्हतं की आज गोळी घेतलीस का. तारीख लिहून घेतली यावरच मी खूश होते.

शेवटी मी बागेकडे हात केला. "मावशी, सॅम्पल घ्यायला माणसं येतात तेव्हा मांडव उतरवून ठेवतेस का?"

"येडी का काय? येल खाली येईल ना मालासकट."

"गोळ्या म्हणजे फवारणी नाही. गोळ्या म्हणजे मांडव. वेल खरीच असते, माल खराच असतो. मांडव असला म्हणून बाग खोटी होते का? मांडवासकटच बघायचं असतं."

ती बागेकडे बघत राहिली. तारांवर घड लोंबत होते, चार दिवसांनी कापणी होती.

"मांडव हाय व्हय ते," ती हळू म्हणाली. "मंग तसं सांगायचं ना पुस्तकवाल्यांनी." आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी माह्याच हातानं नापास झाले मी?"

मी डायरी मिटली.

"एका टाकीपायी तुह्या काकाला मी मरस्तोवर बोलले गं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. या वेळी मी खोलीबाहेर नव्हते. चहा गार झाला, साय धरली.

डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले की गोळ्या का सोडल्या याची हजार कारणं मी ऐकलीत, पण प्रामाणिकपणा हे आज पहिल्यांदाच. आजपासून गोळ्या पुन्हा सुरू, नऊ मार्चला इको, त्यात जे येईल ते शेवटचं. त्याहून जास्त थांबता येणार नाही, कॅन्सरची बाजूही बघायची आहे.

तो महिनाभर सायखेड्यात कापणी चालली होती. मावशीला उन्हात जायची बंदी होती, तेव्हा ती शेडमध्ये खुर्ची टाकून घड निवडणाऱ्या बायांवर नजर ठेवायची. मी रोज सकाळी साडेसातला फोन करायचे. "घेतली," एवढंच म्हणून ती फोन ठेवायची. शिवारात बातमी फुटलीच होती. कुणी सल्ला विचारायला आलं की आधी जरा घुटमळायचं. आता हिला विचारावं का, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. मावशीला ते कळत होतं. एकाला ती म्हणाली, "इचार, इचार. येलीचं अजून समजतं मला."

नऊ मार्चला इकोच्या खोलीत शिरताना तिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांपुढे धरलं. "सकाळची घेतली हाय. आधीच सांगते. लपवायचं काय नाय."

"तेच पाहिजे, मावशी," डॉक्टर म्हणाले.

मी आणि अमोल पडद्याबाहेर उभे होतो. आतून यंत्राचा फसफस आवाज येत होता, तिच्या हृदयाचा. मला रिसेप्टरचं सगळं प्रकरण पाठ होतं. त्या क्षणी मला एवढंच आठवत होतं की ही मला लहानपणी घडातले टपोरे मणी तोडून भरवायची.

आकडा चोपन्न आला.

डॉक्टर हसले, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दुपारी आठवं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मी आईला फोन लावला, पेढे आणायला सांगितलं, आणि बोलता बोलता कॉरिडॉरमध्ये थबकले. आम्ही आनंद कशाचा करत होतो? दोन महिने ते दार मोकळं होतं. हृदयाला निरोप मिळत होता की टिकून राहा, आणि ते टिकलं. आता पुरेसं टिकलंय असं कळल्याबरोबर आम्ही तेच दार पुन्हा बंद करायला निघालो होतो, आणि वर पेढे वाटणार होतो. दुसरा इलाजही नव्हता. मला खूप भीती वाटली आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

दुपारी मावशीला खुर्चीत बसवून सलाईन लावलं. डायरी मांडीवर होती. तिने आठच्या आकड्यावर खूण केली, गोळ्यांच्या रकान्यात लिहिलं, 'गॅप नाही', आणि पेन मला दिलं. नळीतून थेंब पडायला लागले. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले. थोड्या वेळाने तिने मोकळा हात पदराखाली घेतला आणि डाव्या बाजूला, जिथे आता सपाट होतं, तिथे ठेवला.

"हे धरून अकरा राह्यली," ती हळूच म्हणाली. "कळ काढ."

मी म्हटलं, "मी ठीक आहे गं."

"तुला नाय म्हनले," मावशी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. हात तिने तिथून काढला नाही.